माझ्या हाताकडे बघा

“रविवारी तुम्ही उभे राहू नका,” सुवार्ता म्हणाली.

ती मटार सोलत होती आणि मी नोटेशनची वही पसरून हवेत ठोके देत बसलो होतो. भायखळ्याच्या आमच्या खोलीत टेबल एकच. त्यामुळं अर्ध्या टेबलावर मटार आणि अर्ध्यावर इटालियन ऑपेरा अशी वाटणी झाली होती.

“उभा राहू नको म्हणजे?”

“शनिवारचा खेळ पेसीसाहेब करणारच आहेत. रविवारचाही त्यांनाच करू द्या. तुम्ही पुढच्या वर्षी करा की.”

“पुढच्या वर्षी? अगं, अकरा वर्षं झाली मला.”

“किती झाली ते मला नका सांगू. मीही तिथंच होते.”

ती तिथंच होती, हे खरं. मुंबईत तेव्हा आमची एक हौशी मंडळी होती. पारशी, गोवेकर, काही अँग्लो-इंडियन आणि आमच्यासारखे नगरकडचे मिशनच्या चर्चमध्ये गाणं शिकलेले ख्रिस्ती. दर फेब्रुवारीत फोर्टातला एक हॉल घेऊन आम्ही एका ऑपेराचे दोन खेळ करायचो. स्टेजच्या पुढ्यातल्या खुर्च्यांच्या चार रांगा काढल्या की वाद्यवृंदाची जागा तयार. त्या जागेत छडी घेऊन उभे राहायचे पेसी बिलिमोरिया. मी त्यांचा मदतनीस. माझी जागा पडद्यामागं.

ऑपेरात पडद्यामागूनही गाणं असतं. कधी देवळातली प्रार्थना, कधी लांबून जाणारी मिरवणूक. तो कोरस सांभाळणं माझं काम. रंगवलेल्या कापडाला रुपयाएवढं भोक पाडलेलं असायचं. त्याला डोळा लावून मी पेसीसाहेबांची छडी बघायचो आणि हातानं माझ्या पंधरा-वीस गाणाऱ्यांना ठोके द्यायचो. त्यात एक मेख होती. पडद्यामागचा आवाज लोकांपर्यंत पोचायला क्षणभर उशीर होतो. कानाला वाद्यं ऐकू येतात तसं गायलात तर बाहेर तुम्ही मागं पडलेले ऐकू येता. म्हणून ठोका किंचित आधी द्यायचा आणि गाणाऱ्यांनी वाद्यांकडं लक्षच द्यायचं नाही. नवीन माणसाला हे फार जड जातं. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावायचो, “कान बंद. माझ्या हाताकडे बघा. वाद्यं काय करतात ती तुमची काळजी नाही.”

सुवार्तानं ते जसं उचललं तसं कुणीच उचललं नाही. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून नर्सच्या कपड्यांतच ती तालमीला यायची, मागच्या रांगेत उभी राहायची आणि तासभर माझ्या हातावरून नजर हलवायची नाही. लग्नाआधीही तशीच, नंतरही तशीच.

त्या वर्षी आमच्या नेहमीच्या मुख्य गायिका लग्न करून कॅनडाला गेल्या. पेसीसाहेबांनी कोरसमधल्या एकेकीला गायला लावलं. सुवार्ता गायला लागली तसा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “अरे शांतवन, ही पोरगी तू अकरा वर्ष पडद्याच्या मागे ठेवली? तुला तर जेलमध्ये टाकला पायजे.”

सगळे हसले. मीही हसलो.

मग जानेवारीत त्यांनी मला बाजूला घेतलं. “डीकरा, माझा खांदा आता वर जात नाय. सॅटर्डे मी करते, संडे तू कर. संडेला जमला तर पुढच्या वर्षापासून सगळा तुझा. नाय जमला तर मी बाहेरून कोणी बघते.”

म्हणजे त्या एका रविवारवर माझं सगळं अडलेलं होतं. शाळेत ‘सा रे ग म’ शिकवून पोट भरत होतं, पण बाराव्या वर्षी नगरच्या चर्चमध्ये एका गोऱ्या बाईला हात हलवून चाळीस माणसांचा आवाज उठवताना मी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आणि आता माझीच बायको मटार सोलत म्हणत होती, उभे राहू नका.

“कारण काय, ते तरी सांग.”

तिनं शेंग खाली ठेवली. “तुमचा हात समोर दिसला की मला दुसरं काही ऐकूच येत नाही. पेसीसाहेब असले की मी ऐकते, वाद्यांबरोबर जाते. तुमच्यापुढं नुसती बघत राहते. मला भीती वाटते.”

“कसली भीती? माझा हात चुकेल याची?”

“तसं नाही हो.”

“माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ सांग ना.”

“विश्वास जास्तच आहे,” ती म्हणाली. “तीच तर अडचण आहे.”

मला ते अजिबात कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. मी वही मिटली आणि म्हणालो, की अकरा वर्षांनी माझी वेळ आलीय, ती तुझ्या भीतीपायी मी घालवणार नाही. तुला जड जात असेल तर तू रविवारी गाऊ नकोस, मी दुसरी बघतो. दुसरी कुठून बघणार होतो देव जाणे. पण बोललो खरा.

तिनं खाली ठेवलेली शेंग उचलली आणि मटार सगळे सोलले.

वाद्यवृंदाबरोबर मला एकच तालीम मिळाली, गुरुवारी. सव्वीस वादक. त्यांचा लीडर म्हणजे पहिला व्हायोलिन वाजवणारा काजेतान. मडगावचा, पन्नाशीचा, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाणारा. वादकांचा त्याच्यावर फार जीव. सुवार्ताला त्या दिवशी ड्यूटी होती म्हणून तिच्या जागा आम्ही नुसत्याच वाजवल्या. तालीम संपल्यावर काजेताननं व्हायोलिन पेटीत ठेवता ठेवता मला हळूच म्हटलं, “सायबा, रागावू नका. तुमचा हात पुढं धावतो.”

“पुढं म्हणजे?”

“आम्ही वाजवतो त्याच्या आधी येतो. पडद्यामागं ठीक आहे. इथं आम्ही तुमच्या पायाशी बसलोय. इतकं पुढं आलात तर आम्ही कुणाबरोबर वाजवायचं?”

मला इतका राग आला की कानशिलं तापली. खरं तर तो अगदी बरोबर बोलत होता. अकरा वर्षं हाताला एकच वळण लावलेलं, ते एका संध्याकाळीत कसं सुटणार? शहाण्या माणसानं त्याच्याबरोबर दोन तास बसून हात मागं आणायची सवय केली असती. मी म्हणालो, “काजेतान, तुम्ही तुमचं व्हायोलिन सांभाळा. हात मी सांभाळतो.”

“बरं,” तो म्हणाला आणि पेटीची कडी लावली.

शनिवारी मी नेहमीसारखा पडद्यामागं. भोकातून मला पेसीसाहेबांची छडी दिसत होती आणि सुवार्ताची पाठ. कोळ्याच्या मुलीची गोष्ट होती. दुसऱ्या अंकात तिला समुद्रावर गेलेल्या भावाचं पत्र येतं आणि ती ते गाऊन वाचते. संथ गाणं, एका श्वासात लांबच लांब ओळी, खाली व्हायोलिनं अगदी हलकी. ती गायली, आणि पडद्यामागचा माझा कोरस श्वास धरून उभा राहिला. संपलं तेव्हा लोक उभे राहिले. कोरसमधल्या बायका डोळे पुसत होत्या.

मला आनंद झाला. पण तो जेमतेम मिनिटभर टिकला. मग मनात आलं, की माझ्या हाताखाली अकरा वर्षं गायली तेव्हा ही अशी कधी गायली नाही. उद्या याहून चांगली गायली पाहिजे. ती गायली पाहिजे ती तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे मी आज लिहितोय म्हणून इतकं स्वच्छ लिहितोय. त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली, की हे सगळं कलेसाठी आहे.

रविवारचा खेळ दुपारी चारचा होता. पेसीसाहेब पाचव्या रांगेत येऊन बसले. मी छडी उचलली आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला घाम फुटला. सगळं निसटत होतं. मी ठोका द्यायचो, वाद्यं चाचरत मागून यायची, बासऱ्या एकीकडं, चेलो दुसरीकडं. सुवार्ताला पहिल्या अंकात थोडंच गायचं होतं, तेवढं कसंबसं निभावलं. मध्यंतरात मी कोपऱ्यात पाणी पीत उभा होतो. काजेतान वादकांना जवळ घेऊन काहीतरी सांगत होता. मी पाहिलं, पण गेलो नाही. वाटलं, सूर मिळवताहेत.

दुसरा अंक सुरू झाला आणि काय सांगू! वाद्यवृंद एकदम सावरला. सगळे एकत्र, गोल, दमदार. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, आले, अखेर आले माझ्या हाताखाली. ती सात-आठ मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती आणि ती शुद्ध फसवणूक होती.

मग पत्राचं गाणं आलं.

सुवार्ता पुढं आली, हातात कागद. कागदाकडं बघायचं सोडून ती माझ्याकडं बघत होती. पहिली ओळ गायली. मला काहीतरी खटकलं. दुसऱ्या ओळीला कळलं, की ती वाद्यांच्या अर्धा ठोका पुढं आहे. तिसऱ्या ओळीला पाऊण. मी वाद्यांकडं पाहिलं. एकही मान माझ्याकडं वळलेली नव्हती. सव्वीसच्या सव्वीस माणसं काजेतानच्या गजाकडं बघून वाजवत होती. मध्यंतरात तो त्यांना हेच सांगत होता, की त्या हाताकडं बघू नका, माझ्याकडं बघा. म्हणून तर सगळं सावरलं होतं. माझा हात कधीचा एकटाच पुढं चालला होता, आणि अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस त्याच्याबरोबर होतं.

मला फक्त एक करायचं होतं. हात जरा थांबवायचा, काजेतानच्या गजाला जाऊन मिळायचं. ती लगेच मागं आली असती, माझ्या हाताबरोबर ती कुठंही आली असती. ओळीभरात सगळं जुळलं असतं. लोक विसरूनही गेले असते. पण हात थांबवला असता तर त्या सव्वीस जणांना दिसलं असतं, की हा शांतवन हिवाळे नमला. पाचव्या रांगेतल्या पेसीसाहेबांनाही दिसलं असतं. मी हात थांबवला नाही. उलट आणखी जोरात दिला, वाद्यांना ओढून आणू म्हणून. वाद्यं आली नाहीत. ती आली.

चेहऱ्यावरून दिसत होतं, तिला कळत होतं काहीतरी भलतंच चाललंय. मध्येच एकदा तिनं डोळे वाद्यांकडं नेले, आणि पुन्हा माझ्याकडं आणले. मी मान डोलावली. हो, अशीच ये, म्हणून.

तिचं गाणं संपलं तेव्हा वाद्यांचं अजून बाकी होतं. ती कागद धरून, तोंड मिटून उभी राहिली आणि खाली व्हायोलिनं आपली शांतपणे वाजत राहिली. बाल्कनीत कुणीतरी हसलं. मग टाळ्या पडल्या. घरचं पोर कविता विसरलं तर पाहुणे वाजवतात तशा.

खेळ संपल्यावर मी आत गेलो. बायकांच्या खोलीला दार नव्हतं, एक चादर टांगलेली होती. चादरीखालून सुवार्ताचे पाय दिसत होते. पेसीसाहेब आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

“पहिला अंक जरा ढिला, पण नंतर तू तर कमाल केली! काय ऑर्केस्ट्रा होती, एकदम सॉलिड. बाईनी मात्र घाई केली. काय झाला तिला? काल तर एवढी मस्त गायली.”

चादर हलली नाही. पाय तिथंच होते.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, हात माझा पुढं होता. पाच शब्द. मी म्हणालो, “हो साहेब. घाबरली ती जरा.”

“होते असा. पुढच्या वर्षी दुसरी कोण बघू. तुझा मात्र पक्का.”

ते गेले. काजेतान भिंतीशी उभा होता, पेटी खांद्याला लावून. त्यानं सगळं ऐकलं होतं. जवळ येऊन तो म्हणाला, “आम्ही वाद्यं वाचवली सायबा, तिला नाही वाचवता आलं. त्याचं मला वाईट वाटतं. आज घरी जाऊन तिला खरं सांगा. नाहीतर मी सांगतो.”

“मीच सांगतो,” मी म्हणालो. “तुम्ही नका सांगू. मी आजच सांगतो.”

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. बरेच लोक ठेवायचे.

बसस्टॉपवर अजून उजेड होता. सुवार्तानं चेहरा घासून धुतला होता, कानामागं थोडा रंग राहिला होता. भायखळ्याची बस येईना. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “एक विचारू? तुमचा हात पुढं होता का हो?”

मी रस्त्याकडं बघत राहिलो.

“मला गाताना वाटत होतं, वाद्यं मागं राहताहेत. पण म्हटलं, तुमचा हात समोर आहे ना, मग वाद्यांचंच काहीतरी चुकत असेल.”

“हात बरोबर होता,” मी म्हणालो. “तू पळालीस.”

“असं होय.” ती म्हणाली. “मग माझंच चुकलं. तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलेली, आणि मी...”

बस आली. आम्ही चढलो.

मंगळवारी तिनं पेसीसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. रविवारी आपण घाई केल्यामुळं मिस्टरांचा पहिला खेळ बिघडला, त्यात त्यांचा काही दोष नाही, कृपा करून पुढच्या वर्षीचा दिलेला शब्द फिरवू नये. इंग्रजी बरोबर आहे का बघा, म्हणून तिनं ते माझ्याकडंच दिलं. मी वाचलं. एका ठिकाणी शब्द गाळला होता, तो घातला. मग खाली जाऊन मी ते पोस्टाच्या पेटीत टाकलं.

पुढं चौदा वर्षं मी त्या जागेवर उभा राहिलो. हात मागं आणायला मला फार दिवस लागले नाहीत, महिनाभरात जमलं. लोक म्हणायचे, हिवाळ्यांच्या हातात फार संयम आहे. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला. काजेतान दोन वर्षं माझ्या हाताखाली वाजवत राहिला. मी तिला काही सांगितलं नाही, हे त्यानं ओळखलं असणार. मग त्यानं का नाही सांगितलं, मला माहीत नाही. नवरा-बायकोत कोण पडतो? नंतर तो गोव्याला निघून गेला, जाताना माझा निरोप न घेता.

सुवार्ता कोरसमध्ये परत आली नाही. घसा धरतो म्हणायची. चर्चमध्येही मागच्या बाकावर बसून गीतांचं पुस्तक मांडीवर मिटलेलं ठेवायची. माझ्या प्रत्येक खेळाला मात्र यायची, इस्त्रीची साडी नेसून. सांगायचं मी तीनदा ठरवलं. एकदा तर तिची बदली होऊन आम्ही नगरला आल्यावर, जेवताना, तोंडापर्यंत आलं होतं. तिनं आमटी वाढली आणि राहून गेलं. दरवेळी वाटायचं, आता इतक्या वर्षांनी कशाला? आणि दरवेळी एक वर्ष आणखी वाढलेलं असायचं. नालायक माणसाला सबबी कमी पडत नाहीत.

परवाच्या मार्चमध्ये ती गेली. शेवटचे आठ दिवस नगरच्या मिशनच्या हॉस्पिटलात होती, जिथं ती निवृत्तीपर्यंत नर्स होती तिथंच. दुपारची वेळ होती, पडद्यातून ऊन येत होतं. मला वाटलं झोप लागली. तिनं डोळे न उघडता माझा उजवा हात शोधला आणि धरला.

“एक मनात आहे,” ती म्हणाली. “विचारीन विचारीन म्हणून राहिलंय.”

“काय?”

“त्या रविवारचं. मी घाई केली ते.” तिला धाप लागली, ती थांबली. “मला माफ केलंत ना हो तुम्ही?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. कुणी पाचव्या रांगेत बसलेलं नव्हतं. तिनं डोळे उघडले आणि तशीच बघत राहिली, तालमीला मागच्या रांगेत उभी राहून बघायची तशी.

मी म्हणालो, “केव्हाच.”